आवणीची फिल्म: सहावी-सातवीच्या प्रकल्प नोंदी

२३ जून २०२५

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. पाऊस यंदा मे महिन्यातच येऊन बसलाय. म्हणजे आवणी, भाताच्या रोपांची लावणी, लवकर लागणार आणि जुलैत वर्ग ओस पडणार, हे धरूनच चालायचं. त्र्यंबकेश्वर तालुक्यात वेळापत्रक कागदावर काहीही असो, पावसाळ्यात ते भातखाचर ठरवतं.

हाताशी काय आहे ते लिहून ठेवते. लोकवर्गणीतून आलेला भिंतीवरचा टीव्ही. एक जुना लॅपटॉप, चार्जरला जोडलेला असेल तोवरच चालणारा. माझा फोन. मुख्याध्यापक सरांच्या घरी पडून असलेला आणखी एक फोन, काच एका कोपऱ्यात तडकलेली पण कॅमेरा शाबूत. नेट ओट्याच्या एका टोकाला उभं राहिलं तर येतं.

टीव्ही आला तेव्हापासून 'डिजिटल वर्ग' म्हणजे बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायचा, दीक्षा या सरकारी अ‍ॅपवरचा व्हिडिओ लावायचा आणि मुलांनी मांडी घालून बघायचा. व्हिडिओ वाईट असतात असं नाही, काही तर फार चांगले आहेत. पण ते चालू असताना मुलांच्या हातांना काही काम नसतं. यंदा उलटं करायचं ठरवलंय. टीव्हीवर जे लागेल ते मुलांनी केलेलं असेल.

स्क्रॅचचा विचार केला होता. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००७ साली आलेलं, मुलांनी खेळ आणि गोष्टी रचायचं ते सॉफ्टवेअर मला स्वतःला आवडतं आणि ऑफलाइनही चालतं. पण लॅपटॉप एक आणि पोरं पंचवीसच्या वर. एकानं माउस धरायचा आणि बाकीच्यांनी मान वाकडी करून बघायचं, हे टीव्हीपेक्षा वेगळं काय झालं? कॅनव्हा या चित्रं मांडायच्या अ‍ॅपमध्ये पोस्टर गेल्या वर्षी करून झाली. तयार साचे इतके देखणे की मुलं फक्त अक्षरं बदलतात. वृक्षारोपणाचं पोस्टर आणि स्वच्छतेचं पोस्टर शेजारी लावली तर फरक शोधावा लागतो.

म्हणून स्टॉप मोशन. कागदाची चित्रं कापायची, थोडी सरकवायची, फोटो काढायचा, परत सरकवायची. शेवटी ते फोटो भराभर दाखवले की चित्र हलतं. यंत्राला काम थोडंच, बाकी सगळं हातांना आणि डोळ्यांना. एका फोनवर सात-आठ जणांना एकाच वेळी खरं काम मिळतं, हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा.

२७ जून

फोन अजून काढलेला नाही, मुद्दामच. आज पुठ्ठ्याच्या चकत्या. एका बाजूला पोपट, दुसऱ्या बाजूला पिंजरा, दोन्हीकडे दोरा. पीळ देऊन सोडलं की पोपट पिंजऱ्यात. १८२५ च्या सुमारास लंडनमध्ये हे खेळणं म्हणून विकलं जायचं. आमच्याकडे एकानं पोपटाऐवजी मुख्याध्यापक सरांना पिंजऱ्यात घातलं. सरांनी चकती मागून घेतली आणि बराच वेळ फिरवत बसले.

मग जुन्या वह्यांच्या कोपऱ्यांवर एकेक ठिपका, प्रत्येक पानावर जरासा वर. फर्रकन पानं सोडली की चेंडू उडतो. उडवायच्या पुस्तकाचं पेटंट इंग्लंडमध्ये १८६८ साली घेतलं गेलं होतं, हे सांगितल्यावर सातवीतला एकजण म्हणाला, "वहीच्या कोपऱ्याचं पण पेटंट घेतात?"

हे का दिसतं, हा प्रश्न आलाच. आपण सर्रास सांगतो की डोळ्यात चित्र सेकंदाच्या सोळाव्या भागापर्यंत टिकतं. चकतीला ते लागू पडतं, पोपट आणि पिंजरा एकावर एक दिसतात ते त्यामुळेच. पण चेंडूच्या बाबतीत एवढ्यानं भागत नाही. नुसतं टिकलं असतं तर सगळे ठिपके एकदम दिसून रेघ झाली असती. १९१२ साली मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञानं दोन जागी दोन रेघा आळीपाळीनं दाखवून बघितल्या. लोकांना एकच रेघ इकडून तिकडे जाताना दिसली. मधली हालचाल कुठंच नव्हती, ती मेंदूनं भरली. मुलांना हे चटकन पटलं. लगेच प्रयोग सुरू झाले, दोन ठिपके किती लांब नेले की चेंडू 'तुटतो' ते बघायचे. असला प्रयोग मी ठरवून घेतला असता तर इतका रंगला नसता.

२ जुलै

कॅमेरा खाली बघत स्थिर कसा राहील, याचा तोडगा ऑफिसातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलात निघाला. त्याच्या बैठकीला मधोमध भोक असतंच. फोन स्टुलावर उताणा, मागचा कॅमेरा भोकावर, खाली फरशीवर चित्र. बाजारातला स्टँड लागत नाही, आणि हे स्टूल कुणाचा धक्का लागला तरी परत त्याच जागी ठेवता येतं, कारण पायांभोवती खडूनं गोल करून ठेवलेत.

स्टूल आहे तेवढंच उंच, त्यामुळे खाली साधारण चित्रकलेच्या वहीची दोन पानं मावतील एवढीच जागा दिसते. ती चौकट फरशीवर खडूनं आखून घेतली. चौकटीच्या आत 'रंगमंच', बाहेर 'विंग'. हे शब्द मुलांनी स्नेहसंमेलनातून आणले.

फोनमध्ये स्टॉप मोशन स्टुडिओ टाकलं, फुकटातलं. त्यातली मुलांना सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे आधीचा फोटो पुसट दिसत राहतो. त्यावरून नवं चित्र किती सरकलं ते कळतं. तपशील १०८० वर ठेवला. टीव्हीला त्याहून जास्त लागत नाही. १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाख ठिपके, आणि फोनची जाहिरात असते चार कोटी ऐंशी लाखांची. गुणाकार मुलांकडूनच करून घेतला. "मग बाकीचे कशाला घेतात लोक?" याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते दुकानदाराच्या बाजूचं नसतं म्हणून राहू दिलं.

८ जुलै

आजचा तास लांबला. दुपारची खिचडी थंड झाली आणि कुणी तक्रार केली नाही.

फाळके आमच्याच तालुक्याचे. ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकला जन्मले. मुलांना नाशिकचं पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक माहीत आहे, तेही कारंज्यामुळे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा हेही पाठ असतं. मी सांगितलं ते त्याच्या आधीचं. लंडनहून कॅमेरा आणल्यावर, भांडवल द्यायला कुणी तयार व्हावं म्हणून, फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना, वाढताना, वेल होताना टिपला. मिनिटभराची फिल्म. ती बघून पैसे देणारा माणूस मिळाला. गोष्ट सांगितली जाते ती अशी की महिनाभर रोज एक फ्रेम, म्हणजे एकच चित्र, घेतली.

फळ्यावर एवढंच लिहिलं: मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम. आणि गप्प बसले.

पहिला हिशोब सातवीच्या मागच्या बाकावरून आला. रोज एक तर महिन्याला ३०, म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत. दुसरा गट उलटा गेला. मिनिटभर हवं तर ६० गुणिले १६, म्हणजे ९६० फ्रेम. रोज एक तर ९६० दिवस. कुणीतरी ३६५ नं भागलं. "मॅडम, अडीच वर्षं झाली की! वाटाणा अडीच वर्षं उगवतो का?"

वर्गात जो दंगा झाला तो मी थांबवला नाही. गोष्ट खोटी की हिशोब खोटा, असे दोन तट पडले. मग एक माहिती आणखी दिली. ते कॅमेरे हातानं फिरवायचे, आणि साधारणपणे दांडा एकदा फिरवला की आठ फ्रेम सरकत. आता ९६० ला ३० नं भागा. रोज ३२ फ्रेम. ३२ ला ८ नं भागा. रोज चार फेरे. इतका सुबक आकडा आल्यावर मुलांचा त्यावर विश्वासच बसला. माझं मत, 'रोज एक फ्रेम' ही सांगोवांगी आहे आणि 'रोज थोडं थोडं' हे खरं. फाळक्यांचं काम त्यानं कणभर लहान होत नाही.

एक मुलगी म्हणाली, चारही फेरे एकदम फिरवले तर रोप तेवढंच दिसेल. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक आणि रात्री एक फिरवला असेल. यावरून आमचंही ठरलं: प्रार्थनेनंतर, खिचडीच्या सुट्टीत आणि शाळा सुटताना, असे दिवसाला तीन फोटो. प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून एकीत दुकानातला वाटाणा, दुसरीत मका. तडकलेला फोन याच कामाला. खिडकीत चार विटांची खाच केलीय, फोन त्यात सरकवायचा की झालं.

१४ जुलै

आवणी लागली. आज पटावरची निम्मीसुद्धा नाहीत. मोठी मुलं खाचरात, आणि त्यांच्याहून लहान भावंडांना सांभाळायला मधली मुलं घरी. दरवर्षी मी या दिवसांत हजेरीपत्रकाकडे बघून उसासे टाकते. यंदा उरलेल्या मुलांनीच विषय सुचवला: आवणीचीच फिल्म करू.

त्याआधी मी दिलेले विषय असे होते: पाणी वाचवा, तहानलेला कावळा, सौरमाला. कुणी मान वर करून बघितलं नव्हतं.

कातरगट कामाला लागला. बाईचं चित्र कापायचं: धड वेगळं, दंड वेगळा, हात वेगळा, डोकं वेगळं, आणि सांध्यांना टाचणी. टाचणीचं टोक मागून वाकवून चिकटपट्टी. नमुना म्हणून मी नेटवरून भात लावणाऱ्या बाईचं एक चित्र उतरवून आणलं होतं, डोक्यावर इरलं, म्हणजे पानांचं विणलेलं पावसाळी आच्छादन, घेतलेली. मुलांनी ते हातात घेऊन बाजूला ठेवलं. "मॅडम, आता इरलं कोण घेतं? कागद घेतात." प्लॅस्टिकचा कागद, डोक्यावरून पाठीवर, गळ्याशी गाठ. आमच्या बाईला दुधाच्या पिशवीतून कापलेला कागद मिळाला. तो फोटोत चकाकतो, ओला दिसतो. रंगवून हे जमलं नसतं.

२२ जुलै

सहावीतली एक मुलगी आवणीहून आज परत आली. बोटांची कातडी पांढरी पडलेली. बाकीच्यांनी मोठ्या हौसेनं तिला झालेलं काम दाखवलं. बाई वाकते, चूड (एका जागी खोचायची दोन-तीन रोपं) लावते, एक पाऊल पुढे जाते, परत वाकते. टीव्हीवर तेवढा तुकडा गोड दिसत होता. मीही खूश होते.

तिनं दोनदा बघितलं. मग म्हणाली, "ही पुढं चालली तर लावलेल्यावरच पाय देईल ना."

आवणी करणारं माणूस मागं मागं सरतं. हे तिथल्या प्रत्येक मुलानं पाहिलेलं होतं. माहीत सगळ्यांना होतं, पण कागदाची बाई हातात आल्यावर कुणाला आठवलं नाही, कारण चित्रातली माणसं पुढंच चालतात.

फोटोगट हिरमुसला. कुणीतरी शक्कल काढली, सगळे फोटो उलट्या क्रमानं लावू, बाई आपोआप मागं जाईल. लावून बघितले. बाई मागं गेली खरी, पण लावलेलं भात एकेक उपटत गेली. हसून हसून पुरेवाट. ते उलटं चलचित्र पुसू देत नाहीत आता.

मग तिनं फरशीवर उभं राहून करून दाखवलं. डाव्या हातात रोपांची जुडी. उजव्या हातानं तिच्यातून दोन-तीन रोपं ओढायची, अंगठा आणि दोन बोटांत धरून चिखलात खुपसायची. हात एकाच जागी नाही जात. डावीकडून उजवीकडे, जेवढं पोचेल तेवढं, आणि मग एक पाऊल मागं. गुडघे ताठ, वाक कमरेतून. कातरगटानं तिथंच बसून बाईचे पाय बदलले, कारण आधी ते गुडघ्यात मोडले होते.

२३ जुलै

सगळं पहिल्यापासून. कुरकुर नाही.

आज वेळ मोजायचं काम घरी दिलं होतं, त्याचं उत्तर आलं. एकीनं आईच्या हाताकडे बघत घड्याळ लावलं, दहा सेकंदांत आठ चूड. आम्ही सेकंदाला १२ फोटो धरलेत, म्हणजे दहा सेकंदांना १२०. आठांनी भागा, एका चुडाला १५ फोटो. आता या पंधरांची वाटणी. सगळी हालचाल सारख्या तुकड्यांत कापली की बाई यंत्रासारखी दिसते, हे आधीच्या तुकड्यात दिसलंच होतं. हात खाली झपकन जातो, त्याला फोटो थोडे. चिखलात खुपसताना रेंगाळतो, तिथं जास्त. वर येतानाही झपकन. शेवटी वाटणी ठरली: खाली जायला ३, खुपसायला ६, वर यायला ३, जुडीतून नवी रोपं ओढायला ३.

गुणोत्तराचा धडा पुढच्या महिन्यात आहे. तो आला की ही पंधरांची वाटणीच काढणार आहे.

३० जुलै

उजेडानं छळलं. ढग आला की फोटो काळा, गेला की पांढरा. टीव्हीवर लावलं की वीज चमकतेय असं वाटतं. एका मुलाचं म्हणणं, पावसाळाच आहे, चमकू दे! पण डोळ्याला त्रास होतो. दोन उपाय केले. एक, स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो, मग फोन स्वतःचं डोकं चालवत नाही. दुसरा, स्टुलाभोवती ताडपत्री आणि आत चार्जिंगचा बल्ब. वीज गेली तरी तो चालतो, आणि इथं पावसात वीज जाते याची नोंद वेगळी करायला नको. बल्ब एका बाजूनं लावला तर कागदाच्या सावल्या लांब पडतात, वर धरला तर फोटोत येतो. शेवटी बल्ब एका बाजूला आणि समोर पांढरा पुठ्ठा उभा, उजेड परत आत टाकायला.

दुसरी कटकट हातांची. बटण दाबलं की फोन हलतो. अ‍ॅपमध्ये दर काही सेकंदांनी आपोआप फोटो घ्यायची सोय आहे, ती लावली. आता एक पोरगा मोठ्यानं आकडे म्हणतो आणि शेवटी ओरडतो, "हात बाहेर!" शेजारच्या वर्गातल्या मॅडम दोनदा डोकावून गेल्या. तरी एखाद्या फोटोत कुणाची करंगळी येतेच. ते फोटो वेचून काढायचं काम ज्याच्याकडे दिलंय तो वर्गात एरवी एका जागी पाच मिनिटं बसत नाही. अर्धा तास बसला. त्याच्यावर काही मोठं विधान करावं असं नाही, फक्त लिहून ठेवते.

फोनची जागा भरली. माझ्याच फोनमधले सुप्रभात आणि वाढदिवसाचे फोटो पुसले, भरपूर मोकळी झाली.

५ ऑगस्ट

बियांचा निकाल. वाटाणा कुजला. हवा ओली, बाटलीला खालून भोक होतं तरी माती सुकलीच नाही. एका आजोबांनी आधीच सांगितलं होतं म्हणे, पावसात वाटाणा लावायचा नसतो. मका मात्र जोरात. बारा शाळेच्या दिवसांचे छत्तीस फोटो, म्हणजे बरोबर तीन सेकंद. फोन दरवेळी खाचेत घालून काढल्यामुळे चित्र थरथरतं, पण कोंब माती फोडतो ते स्पष्ट दिसतं, आणि पहिलं पान सुरळीतून उलगडताना तर सगळ्यांनी 'आईशप्पथ' म्हटलं.

गंमत रविवारची. सोमवारच्या पहिल्या फोटोत रोप एकदम उडी मारतं. फिल्ममध्ये दोन ठिकाणी अशी उडी आहे. कुणी विचारलं, "मका रविवारी जास्त वाढतो का?" आणि दुसऱ्यानं शांतपणे सांगितलं, "नाही, रविवारी आपण नसतो." कुजलेल्या वाटाण्याचे फोटोही ठेवलेत. माती, माती, माती, मग बुरशी. विज्ञानाला हे जास्त उपयोगी पडेल.

१२ ऑगस्ट

आवाज. लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाज मुद्रित करायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, नेट लागत नाही. वर पत्रे आणि त्यावर पाऊस. ऑडॅसिटीत नको तो आवाज काढायची रीत अशी: आधी नुसत्या गोंगाटाचा थोडा तुकडा निवडून ओळखून द्यायचा, मग सगळ्या ध्वनिमुद्रणावर तो पुसायला सांगायचं. पंख्याच्या एकसुरी घरघरीला हे छान जमतं. पाऊस एकसुरी नसतो. तो पुसला तसा मुलीचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा झाला.

मग गोधडी. बाकाखाली गोधडीचा तंबू, आत बोलणारी मुलगी आणि फोन. पाऊस बराच मागं गेला. उरलेला राहू दिला, आवणीच्या फिल्ममध्ये पाऊस ऐकू आला तर बिघडलं काय? चिखलाचा आवाज मुलांनी ओल्या फडक्यात बोटं खुपसून केला. खऱ्या चिखलाचं रेकॉर्डिंगही आणलं होतं, पण फडक्याचा आवाज जास्त चिखलासारखा आहे यावर एकमत.

निवेदन कसं असावं यावर मात्र मी बोलले. पहिला मसुदा निबंधाचा होता: 'भात हे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे पीक आहे.' मी म्हटलं, खाचरात उभी असलेली बाई असं बोलेल का? परत लिहिलं ते घरच्या बोलीत, छोटी छोटी वाक्यं. दुसऱ्याच्या खाचरात मजुरी किती मिळते तेही त्यात आलं. राहू दिलं.

सिनेमातलं गाणं मागं लावायचा आग्रह होता. त्या गाण्यावर दुसऱ्याचा हक्क असतो, हे समजावलं. पटलं म्हणण्यापेक्षा, आपली फडक्याची चिखलणी बरी, यावर गाडी थांबली.

१९ ऑगस्ट

काटछाट. फिल्म लांबली होती. प्रत्येक गटाला आपलं काहीच कापायला नको होतं. बगळा उतरतो तो तुकडा सुंदर आहे, पण तो तीन वेळा येतो. मतदान घेतलं नाही. मतदानात नेहमी मोठ्या आवाजाचा गट जिंकतो. त्याऐवजी पहिलीच्या मुलांना बोलावून दाखवलं आणि ती कुठं चुळबुळ करतात ते सहावी-सातवीनं लिहून घ्यायचं. बगळा दुसऱ्यांदा आला तेव्हा पहिली खिडकीबाहेर बघायला लागली. दोन बगळे गेले.

उलट एके ठिकाणी वाढवलं. शेवटी खाचर भरल्यावर चित्र लगेच संपायचं. आता शेवटचा फोटो थोडा वेळ तसाच थांबतो. त्यासाठी नवीन काही काढावं लागत नाही, तोच फोटो पुन्हा पुन्हा लावायचा.

पालकांच्या संमतीचं काम फारसं नव्हतं, कारण फिल्ममध्ये मुलांचे चेहरे नाहीतच. काम चालू असतानाचा जो तुकडा शेवटी जोडलाय त्यात फक्त हात आहेत. 'यूट्यूबवर टाका ना' असं दोघा-तिघांनी सुचवलं. सध्या नाही. आधी गावाला बघू दे.

२५ ऑगस्ट

पेनड्राइव्ह टीव्हीला लावला, टीव्ही म्हणतो फाइल चालत नाही. नाव दिसतं, चित्र नाही. कारण निघालं ते असं, फोननं व्हिडिओ एच-२६५ या नव्या पद्धतीत बांधला होता आणि आपल्या टीव्हीला जुना एच-२६४ कळतो. एमपी-४ हे नुसतं खोक्याचं नाव, आत काय भरलंय ते वेगळं. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं बदलून घेतलं, लॅपटॉपला दम लागला पण झालं. ज्यांचा टीव्ही अडतो त्यांनी आधी एवढं बघावं, टीव्ही बदलायच्या मागं लागू नये.

३ सप्टेंबर

पालकांना आज दाखवलं. आया जास्त आल्या. बाप मागं दाराशी उभे.

फिल्म दीड मिनिटाच्या आसपास. ऐन वेळी पाऊस असा कोसळला की टीव्हीचा आवाज पत्र्याखाली कुणालाच ऐकू येईना. गोधडीखाली घालवलेले तास वाया जातात की काय असं वाटलं. तेवढ्यात निवेदन करणारी मुलगीच टीव्हीशेजारी जाऊन उभी राहिली आणि चित्राबरोबर बोलायला लागली. तिला सगळं पाठ होतं, आणि गर्दी बघून ती दोन वाक्यं पदरचीही घालून गेली. मुख्याध्यापक सर नंतर म्हणाले, सिनेमा यायच्या आधी असंच तर होतं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ पासून शांबरिक खरोलिकेचे खेळ करायचे, काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडात पडद्यावर, आणि बाजूला बोलणारा जिवंत माणूस. सरांना हे माहीत होतं हे मला आजच कळलं.

बाई मागं सरायला लागली तेव्हा आयांमध्ये कुजबुज झाली. कागद डोक्यावरून घसरतो तिथं हशा. मजुरीचा आकडा आला तेव्हा दाराशी उभ्या असलेल्यांपैकी कुणी काही बोललं नाही.

संपल्यावर पुढे बसलेल्या एका आजीनं विचारलं, "ही कंबर कधी सरळ करते? एवढं लावलं न् एकदा पण उभी नाही राहिली." कातरगटातल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग आजीला उठवून, कंबरेवर हात ठेवून मागं कशी वाकते ते करून दाखवायला लावलं, आणि एकानं ते वहीत उतरवून घेतलं.

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हे दाखवायला सांगितलंय. स्लाइड करणार नाही. स्टूल, बल्ब आणि कागदाची बाई पिशवीत घालून नेणार, बाकीच्या शिक्षकांना पंधरा फोटोंचा एक चूड लावायला बसवणार.

त्याआधी आजीची दुरुस्ती. बाईच्या कमरेच्या टाचणीचं भोक वापरून वापरून मोठं झालंय, उभी केली की लुळी पडते. नवं धड कापायला जाड पुठ्ठा लागेल. किराणा दुकानात बिस्किटांचा खोका सांगून ठेवलाय.